टीपकागदाचे मानसशास्त्र

परभाषेच्या शिक्षणाविषयी महाराष्ट्रात जेव्हा जेव्हा वाद पेटतो, तेव्हा तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येते : लहान मुलाचे मन टीपकागदासारखे असते, त्या वयात जी भाषा कानावर पडेल ती मूल सहज टिपून घेते. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले तेव्हा हा युक्तिवाद होताच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो संशोधनाचा हवाला घेऊन आला. दोन ते आठ या वयात मुले भाषा फार झपाट्याने आत्मसात करतात, असे ते धोरण सांगते. पुढे १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली, १७ जूनला 'अनिवार्य'च्या जागी 'सर्वसाधारणपणे' हा शब्द घालून सुधारित निर्णय आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेत असल्याची घोषणा झाली. या अडीच महिन्यांत विरोधकांचा भर मुख्यतः अस्मितेवर आणि मुलांवरील ओझ्यावर राहिला. टीपकागदाच्या वाक्याची झडती मात्र क्वचितच घेतली गेली. उलट अनेक विरोधकांनीही 'मुले भाषा लवकर शिकतात हे खरे, पण...' अशीच सुरुवात केली.

ती झडती येथे घ्यावयाची आहे. शासननिर्णय मागे घेता येतो. चुकीचे गृहीतक मागे घेतले नाही, तर ते दुसऱ्या भाषेचे नाव घेऊन पुन्हा दारात उभे राहते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : शिकण्याच्या मानसशास्त्राने जे सिद्ध केले, त्याच्या जवळजवळ उलट निष्कर्ष आपण त्याच्याच नावावर खपवीत आलो आहोत, आणि या व्यवहाराची किंमत सहा वर्षांच्या अशा मुलाने मोजली आहे, ज्याच्या घरी ती भाषा कोणी बोलत नाही.

१

हे वाक्य आले कोठून? माँट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी लामार रॉबर्ट्स यांच्यासह १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, मेंदूची लवचीकता वयाबरोबर कमी होते, म्हणून परभाषा लवकर शिकवाव्यात, असा विचार मांडला. १९६७ मध्ये एरिक लेनेबर्ग यांनी भाषेच्या जैविक पायाचा विचार करताना, साधारण दुसऱ्या वर्षापासून वयात येईपर्यंतचा काळ भाषाग्रहणाचा निर्णायक काळ होय, असे प्रतिपादन केले. लेनेबर्ग यांचा पुरावा मुख्यतः पहिल्या भाषेविषयीचा होता : मेंदूला इजा झाल्यावर मुले आणि प्रौढ यांची गेलेली वाचा कितपत परत येते, यासारखी निरीक्षणे. शाळेच्या वेळापत्रकाशी त्याचा संबंध नव्हता.

दुसऱ्या भाषेविषयीचा बहुचर्चित पुरावा १९८९ चा. जॅकलिन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी चिनी आणि कोरियन मातृभाषा असलेल्या ४६ जणांची इंग्रजी व्याकरणाची जाण तपासली. जे लहानपणी अमेरिकेत आले त्यांची जाण उत्तम होती. जे मोठेपणी आले त्यांची तुलनेने कमी. हा निष्कर्ष खोटा ठरविण्याचे मला कारण नाही. पण ही माणसे अमेरिकेत राहत होती. शाळा, शेजार, बाजार, दूरचित्रवाणी, खेळाचे मैदान सर्वत्र इंग्रजीच होते. पुढे २०१८ मध्ये जोशुआ हार्टशोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पावणेसात लाख लोकांच्या उत्तरांवरून असे अनुमान काढले की, व्याकरण शिकण्याची क्षमता सतरा-अठराव्या वर्षापर्यंत फारशी उणावत नाही. त्या अनुमानावर वाद झाले आणि ते होणे योग्यच. पण आठव्या वर्षी दार धाडकन बंद होते, या कल्पनेला त्यातून कोणताही आधार मिळत नाही.

थोडक्यात, या संशोधनाचा गाभा असा : भाषेच्या प्रवाहात पडलेले लहान मूल कालांतराने, विशेषतः उच्चारांत, मोठ्यांच्या पुढे जाते. यातील 'भाषेच्या प्रवाहात पडलेले' हे शब्द आपण अलगद गाळले आणि उरलेल्या वाक्याचे धोरण केले.

२

आता प्रवाह नसलेल्या ठिकाणचा, म्हणजे शाळेचा, पुरावा पाहू.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६४ पासून दहा वर्षे हजारो मुलांवर एक प्रयोग झाला. फ्रेंच भाषा नेहमीप्रमाणे अकराव्या वर्षी सुरू करण्याऐवजी आठव्या वर्षी सुरू करण्यात आली. क्लेअर बर्स्टॉल यांचा मूल्यमापन अहवाल १९७४ मध्ये आला. सोळाव्या वर्षी तुलना केली तेव्हा लवकर सुरुवात केलेल्या मुलांची आघाडी केवळ ऐकून समजण्यात दिसली. इतर बाबतींत तीन वर्षे अधिक शिकूनही ती पुढे नव्हती. स्पेनमध्ये कायदा बदलल्याने इंग्रजी अकराऐवजी आठव्या वर्षी सुरू झाले. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही पिढ्यांची, अध्यापनाचे तास समान धरून, तुलना केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उशिरा सुरुवात करणारी मुले पुढे होती. फार काय, प्रवाहात पडूनही पहिल्या वर्षी लहान मुले मागेच असतात. हॉलंडमध्ये राहावयास आलेल्या इंग्रजीभाषकांचा डच भाषेचा अभ्यास कॅथरीन स्नो आणि मारियान हूफ्नागेल-होले यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत वेगाने शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुले. तीन ते पाच वर्षांची बालके सर्वांत मागे राहिली.

असे का व्हावे? कारण शिकण्याच्या दोन वाटा आहेत. एक नकळत शिकण्याची. ती लहान मुलाची खास वाट. तिच्यावरून जाण्यासाठी भाषेचा अखंड, अफाट पुरवठा लागतो. दुसरी जाणीवपूर्वक शिकण्याची. तिच्यासाठी स्मरणशक्ती, तुलना करण्याची शक्ती, नियम ओळखण्याची शक्ती आणि वाचता येणे लागते, आणि हे सारे वयाबरोबर वाढते. शाळेचा तास हा दुसऱ्या वाटेचा तास आहे.

हिशेब करून पाहावा. रोज पस्तीस मिनिटांची एक तासिका, वर्षाला दोनशे दिवस, एकही तासिका बुडत नाही असे उदार मनाने धरले, तरी वर्षाकाठी सुमारे ११७ तास होतात. मातृभाषा शिकणारे मूल दिवसाला दहा तास जागे राहून ती ऐकते असे धरले, तर वर्षाला ३,६५० तास. म्हणजे घरातल्या एका वर्षाची बरोबरी करावयास शाळेला एकतीस वर्षे लागतील. आणि वर्गात चाळीस मुले असतील, तर सारा वेळ मुलांनाच बोलावयास दिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. टीपकागद कितीही उत्तम असो, दौतीत शाईच नसेल तर तो टिपणार काय?

मूल सहज भाषा उचलते हे आपल्या भोवतालीही दिसते. सोलापुरातल्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानावर पडत वाढलेले मूल एकापेक्षा अधिक भाषांत भांडू शकते. मुंबईच्या चाळीतले मूल शाळेत हिंदीची ओळख होण्यापूर्वीच हिंदी बोलते. परंतु हे उदाहरण शाळेच्या बाजूने देता येत नाही. जेथे प्रवाह आहे तेथे तासिकेवाचून भाषा येते; जेथे तो नाही, तेथे तासिका त्याची जागा घेऊ शकत नाही.

३

२०२५ च्या वादात आणखी एक युक्तिवाद झाला : हिंदी-मराठीची लिपी एकच, शब्दही बरेचसे एकच, मग मुलाला अवघड काय? साम्यामुळे ऐकलेले समजण्यास मदत होते, हे मान्य. पण स्मरणाच्या अभ्यासातील एक जुना आणि भक्कम निष्कर्ष येथे आडवा येतो. चार्ल्स ऑस्गूड यांनी १९४९ मध्ये तो सूत्ररूपाने मांडला : खूण तीच राहून तिचे उत्तर बदलले, की दोन शिकवणी एकमेकींच्या पायात पाय घालतात.

मराठी मुलाच्या दृष्टीने पाहा. 'खाली' म्हणजे मराठीत जमिनीच्या दिशेला, हिंदीत रिकामे. 'ताई' मराठीत थोरली बहीण, हिंदीत थोरली काकू. 'शिक्षा' एका भाषेत छडी, दुसऱ्या भाषेत विद्या. 'चेष्टा' येथे थट्टा, तेथे प्रयत्न. 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी; आणि हिंदीत नपुंसकलिंग नाहीच. पहिल्या तासाला 'पाणी' लिहावयाचे आणि तिसऱ्या तासाला 'पानी'. ज्याचे मराठी लेखन पक्के झाले आहे, त्या पाचवी-सहावीच्या मुलाला यात गंमत वाटेल. दोन भाषांतील असे जोडशब्द तो हौसेने गोळा करील. ज्याला 'ण' अजून नीट वळवता येत नाही, त्याच्यासाठी मात्र हे दोन्ही बाजूंनी पाया उकरणे आहे.

इंग्रजीचे संकट वेगळे. लिपी निराळी असल्याने सरमिसळ कमी. पण अक्षर आणि उच्चार यांचे नाते फार बेभरवशाचे. फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातील तेरा भाषांतील नवशिक्या वाचकांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस फिनिश, ग्रीक, जर्मन मुले ओळखीचे शब्द जवळजवळ बिनचूक वाचीत होती. इंग्रजी मुलांना जेमतेम एक-तृतीयांश शब्द वाचता येत होते, आणि ती मुले घरीदारी इंग्रजीच बोलणारी होती. देवनागरीत मात्र अक्षर शिकले की उच्चार बव्हंशी हाती येतो. वाचन म्हणजे काय हे कोडे मुलाने या सरळ लिपीत एकदा सोडवावे आणि मग ती किल्ली दुसऱ्या लिपीला लावावी, हा क्रम सोयीचा. आपण ज्या वर्षी पहिले कुलूप हाती देतो, त्याच वर्षी सर्वांत अवघड कुलूपही देतो.

४

इतका पुरावा असताना टीपकागदाचा सिद्धान्त टिकतो कसा? कारण तो स्वस्त आहे.

मूल आपोआप टिपून घेते असे एकदा ठरले, की शिक्षकाला ती भाषा अस्खलित आली पाहिजे, ही अट सैल होते. प्रशिक्षण चार दिवसांत उरकता येते. वर्गातील संख्या, ग्रंथालय, ऐकण्याचे साहित्य हे सारे प्रश्न दुय्यम ठरतात. सुरुवातीची इयत्ता खाली आणावयास एक शासननिर्णय पुरतो. लग्नाचा मुहूर्त लवकरचा काढला म्हणजे लग्नाची तयारी झाली, असे मानण्यासारखे हे आहे.

आणि या सिद्धान्ताची दुसरी बाजू अधिक क्रूर आहे. प्रत्येक मूल सहज भाषा टिपते हे गृहीतक असेल, तर ज्याने टिपली नाही त्याच्यातच काही खोट आहे, असा निष्कर्ष आपोआप निघतो. शाई उमटली नाही, तर दोष कागदाचा. 'इतकी वर्षे इंग्रजी शिकलास आणि दोन वाक्ये बोलता येत नाहीत?' हा प्रश्न आपण मुलाला विचारतो, धोरणाला नाही. २००० च्या जूनमध्ये पहिलीत गेलेली पिढी २०१२ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला आली. बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेल्या त्या मुलांपैकी अनेकांना इंग्रजीत साधा अर्ज लिहिताना घाम फुटतो आणि मराठीत आपला मुद्दा परिच्छेदभर मांडताना धाप लागते, हे मराठी शिकविणारे आम्ही लोक रोज पाहत आलो. ही आकडेवारी नव्हे, हे मी जाणतो. पण त्यांच्या चेहऱ्यावरची 'आपल्याला भाषाच येत नाही' ही खात्री कोठून आली, हे विचारण्याचा अधिकार त्यासाठी आकडेवारीची वाट पाहत नाही.

मानसशास्त्राची पाटी लावून वर्गात शिरलेली ही पहिलीच अर्धवट कल्पना नव्हे. भाषा म्हणजे सवय, आणि सवय लागते पुनरावृत्तीने, हा वर्तनवाद्यांचा विचार स्किनर यांनी १९५७ मध्ये भाषेच्या संदर्भात सविस्तर मांडला. चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये त्याचा प्रसिद्ध समाचार घेतला. तरीही साच्यात शब्द बदलून तेच वाक्य वदवून घेणे आपल्याकडील वर्गांत पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. 'धिस इज अ पेन' शंभर वेळा म्हटलेल्या मुलाला पेन हरवल्यावर मात्र ते मागता येत नसे. कबुतरावरून मुलाविषयी अनुमान काढणे आणि स्थलांतरिताच्या मुलावरून जिल्हा परिषद शाळेतील मुलाविषयी अनुमान काढणे, यांत जात एकच आहे.

५

मग मानसशास्त्राने शाळेबाहेर राहावे काय? मुळीच नाही. त्याच्यापाशी जे खरोखर उपयोगाचे आहे, ते आपण अजून नीट मागितलेलेच नाही.

हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखविले की शिकलेले प्रारंभी फार वेगाने विसरले जाते आणि एकदम घोकण्यापेक्षा दिवसांची अंतरे राखून केलेली उजळणी अधिक टिकते. २००८ मध्ये कार्पिकी आणि रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ अशा ४० जोड्या शिकविल्या. ज्यांनी आलेले शब्दही पुन्हा पुन्हा मनातून आठवून काढले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के आठवले. ज्यांनी शब्द एकदा आल्यावर तो आठवून पाहणे सोडले आणि केवळ वाचीत राहिले, त्यांना एक-तृतीयांशाच्या जवळपास. आपल्या घरांतून तिन्हीसांजेला म्हटला जाणारा परवचा याच तत्त्वावर उभा होता : पुस्तक मिटलेले, रोज थोडे, आणि मनातून काढलेले. आपण घोकंपट्टीला शिव्या देता देता परवचाही टाकून दिला. पाठ्यपुस्तकात एका धड्यात आलेला शब्द पुढे किती वेळा आणि किती अंतराने भेटतो, याचा हिशेब ठेवणे खर्चाचे काम नाही. तो कोणी मागतो काय?

लेव विगोत्स्की यांचे १९३४ चे विवेचन तर आपल्या वादासाठीच लिहिल्यासारखे आहे. मातृभाषा खालून वर जाते, म्हणजे वापरातून जाणिवेकडे. परभाषा वरून खाली येते, म्हणजे जाणिवेतून वापराकडे. आणि परभाषेचा आधार मातृभाषेतील विकसित अर्थविश्व हाच असतो. हे खरे असेल, तर मराठीची इयत्ता कच्ची ठेवून इंग्रजीची इमारत उठणार नाही. आणि इंग्रजीच्या तासाला मराठीत समजावून सांगणाऱ्या शिक्षकाला अपराधी वाटण्याचेही कारण नाही.

भारतातल्याच दोन माणसांच्या कामाकडे आपण पाठ फिरविली आहे. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याने १९२६ मध्ये बंगालमधील इंग्रजी शिक्षणावर लिहिताना एक साधा प्रश्न केला : जे मूल मध्येच शाळा सोडणार आहे, त्याच्या हाती काय उरते? विमा पॉलिसी मुदतीपूर्वी मोडली तर मिळणाऱ्या रकमेचा, सरेंडर व्हॅल्यूचा, शब्द त्याने भाषाशिक्षणाला लावला आणि वाचनाला अग्रक्रम दिला. कारण वाचता येणे ही अर्ध्यावर सुटले तरी हाती राहणारी कमाई आहे. दुसरे न. शि. प्रभू. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर प्रकल्पात त्यांनी दक्षिण भारतातील साध्या शाळांत भाषेचे साचे घोकविण्याऐवजी मुलांना डोके चालवावे लागेल अशी कामे दिली : रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, हिशेब. लक्ष अर्थाकडे असताना भाषा आकार घेते, हा त्यामागचा विचार. त्याच्या मर्यादांवर चर्चा झाली आहे. पण तो विचार आपल्याच वर्गांत, आपल्याच गर्दीत तपासला गेला होता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. श्रीमंतांची मुले तिसऱ्या वर्षापासून इंग्रजी शाळेत जातात. मग गरिबाच्याच मुलाने थांबावे काय? थांबावे असे मी म्हणत नाही. इंग्रजी ही शिडी आहे आणि ती मागणारा पालक मूर्ख नाही. पण श्रीमंताच्या मुलाला लवकरच्या तारखेबरोबर दिवसाचे कित्येक तास, पुस्तके आणि इंग्रजी बोलणारे घरही मिळते. गरिबाच्या मुलाला आपण फक्त तारीख दिली आणि तिला समता म्हटले. पहिलीपासून दहावीपर्यंत रोजची एक पातळ तासिका देण्यापेक्षा तेच तास पाचवीपासून पुढे, दाट करून, ती भाषा खरोखर येणाऱ्या शिक्षकाच्या हाती दिले, तर त्या मुलाचे अधिक भले होईल. २००० पूर्वी पाचवीपासून सुरू होणारे इंग्रजी चांगले होते, असा याचा अर्थ नाही. तेही बऱ्याच अंशी वाईट होते, आणि तेव्हाही कारण वय नव्हते. तास, शिक्षक आणि पद्धत हीच कारणे होती. आपण यांतल्या एकालाही हात न लावता चौथ्याच गोष्टीवर उपाय केला.

म्हणून यापुढे पहिलीपासून कोणतीही परभाषा शिकविण्याचा प्रस्ताव जो कोणी आणील, मग तो पक्ष कोणताही असो आणि ती भाषा कोणतीही असो, त्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. वर्षाला प्रत्यक्ष किती तास? शिकविणाऱ्याला ती भाषा किती येते, आणि ते कोणी तपासले? चौथीत शाळा सुटलेल्या मुलाच्या हाती काय उरेल? या तीन उत्तरांपूर्वी मुलाच्या मेंदूचे गोडवे गाऊ लागणाऱ्या माणसाला त्या मेंदूविषयी फारसा आदर नाही, असे समजावयास हरकत नाही.